धनाजीने मांडलेला संसार

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला धनाजीने शिशिरच्या उजव्या कानाची पाळी फाडली. शिशिर तेव्हा घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. कानात बड होता. धनाजीने आधी बड पकडला, मग बडासोबत जे काही हाताला, म्हणजे चोचीला, लागलं ते सगळंच ओढलं. हैदराबाद आणि बोस्टन मिळून चौदा जणांनी ती किंकाळी ऐकली, आणि त्यातल्या एका सज्जनाने आवाज व्यवस्थित येतोय असं चॅटमध्ये कळवलं. धनाजीने बड गिळला, पाच मिनिटांनी चिकूची बी काढावी तसा घशातून परत काढला आणि पुसल्यासारखा करून शिशिरच्या खोलीतल्या जोडीदाराच्या, हेरंबच्या, उशीवर नेऊन ठेवला.

कानाला सहा टाके पडले. दुपारी डोक्याला पांढरं मुंडासं गुंडाळून शिशिर परत आला, पाणी प्यायला, आणि गॅसजवळ उभा राहून अगदी थंड आवाजात म्हणाला, "सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघेपर्यंत ह्याचं चावणं बंद झालं नसंल ना बे, तर मी ह्याची मान पिरगाळतो. सांगून ठेवतो."

शिशिर यवतमाळचा. बोललेलं न करणं त्याला जमत नाही. मागच्या उन्हाळ्यात कूलर परत गळला तर गच्चीवरून फेकून देईन, असं तो म्हणाला होता. कूलर तिसऱ्या दिवशी गळला. चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये, त्यांच्या घराखालच्या गल्लीत आजही एक स्कूटर आहे, जिचं हँडल फक्त डावीकडे वळतं.

त्यामुळे हेरंबने लगेच सोमवारपर्यंतचे तास मोजले. सदुसष्ट.

धनाजी म्हणजे धनेश. राखी रंगाचा, हातभर लांब, विळ्यासारखी चोच आणि त्या चोचीवर पुन्हा एक शिंग. चंदीगडने ह्याला आपला मानाचा पक्षी ठरवलंय. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या आंधीत पिंपळाची पोकळ फांदी मोडली आणि तिच्यातून हे नागडं, डोळे मिटलेलं, सोललेल्या आल्यासारखं पिल्लू फुटपाथवर पडलं. हेरंब नुकताच सांगलीहून पीएचडीला आला होता, मोहालीत सेक्टर ६७ मधल्या औषधसंस्थेत. त्याने ते टिफिनमध्ये घालून खोलीवर आणलं आणि रागिणीताईला फोन केला. ही रागिणीताई मूळची नाशिकची, पंचकुल्यात प्राणिशास्त्र शिकवते आणि जखमी पाखरं बरी करून सोडते. ती म्हणाली, पाळणं गुन्हा आहे, उद्या वनखात्याकडे दे, आणि तोपर्यंत भरवताना त्याला तुझं तोंड दिसू देऊ नकोस, पडद्याआडून चिमट्याने भरव.

हेरंब उद्या देतो म्हणाला. पीएचडी करणाऱ्या माणसाचं उद्या हे फार लांबचं गाव असतं.

आणि पडद्याचं त्याला पटलं नाही. प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात त्याला शिकवलं होतं की प्राणी चावू नये असं वाटत असेल तर त्याला रोज हातात घ्या, वजन करा, माणसाची सवय लावा. उंदरांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. हेरंबने धनाजीला रोज दोनदा हातात घेतलं, रोज वजन केलं, तोंडासमोर तोंड धरून उकडलेलं अंडं आणि पपई भरवली. पावणेतीन वर्षं धनाजी खरंच चावला नाही. खिडकी उघडी असायची, दिवसभर तो भटकून यायचा आणि संध्याकाळी हेरंबच्या खांद्यावर बसून त्याचा थिसिस वाचायचा. तो थिसिस तेवढा त्यानेच वाचला होता.

या मार्चमध्ये चावे सुरू झाले. आधी पोटऱ्या, मग हात, मग चेहरे. धनेशाचा चावा म्हणजे पक्कड. नुसता धरत नाही, धरून पिळतो. हेरंबच्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं. शिशिरच्या मानेवर, कोपरावर आणि एका अशा जागी, जिच्याबद्दल तो डॉक्टरलाही खालच्या आवाजात बोलला, निळे-काळे डाग उठले. खाली सूटकेसचं दुकान होतं, तिथला माणूस दर दोन दिवसांनी वर बघून विचारायचा की भाईसाहब, रोज कोण कोणाला मारतं?

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. हेरंबने रजिस्टर उघडलं. तारीख, वेळ, चावलेली जागा, खोली, चाव्याआधी काय चाललं होतं, चाव्यानंतर काय केलं. एकूण नोंदी एकशे त्रेचाळीस. भूक म्हणावी तर पोट भरल्यावरही चावत होता. रंग म्हणावा तर शिशिर सात रंगांचे शर्ट घालून सातही वेळा चावला गेला. शुक्रवारी संध्याकाळी हेरंबने रबरी हातमोज्यात कणीक भरून खोटा हात बनवला आणि धनाजीपुढे धरला. धनाजीने तो बराच वेळ न्याहाळला आणि त्याच्या तळव्यावर एक पिंपळाचं फळ ठेवलं.

शिशिर हे दारातून बघत होता. तो म्हणाला की कणकेला मान आहे ह्या घरात, माणसाला नाही.

शनिवारी हेरंबने सगळ्या नोंदी जमिनीवर पसरल्या आणि त्यांच्यात रांगत बसला. दुपारपर्यंत दोन गोष्टी दिसल्या. शिशिरला चावे बसत, ते तो हेरंबपासून हातभर अंतरात असतानाच. हैदराबादच्या मीटिंगवेळी तो हेरंबच्या पलंगावर, त्याच्या शेजारीच टेकला होता. आणि हेरंबला चावे बसत, ते तो दाराकडे निघाला की. चावून झालं की धनाजी दर वेळी एकाच ठिकाणी उडत जायचा, बाथरूमच्या झरोक्यावर, आणि तिथून घारीसारखी लांब शीळ घालायचा.

त्याने रागिणीताईला फोन करून हे वाचून दाखवलं. मग तिने विचारलं, की बाथरूमला खिडकी आहे का, की नुसती फट?

"फट आहे. एक काच गळून पडलीय."

"मग तो बरोबर आहे," ती म्हणाली. "अरे, विणीचा हंगाम आहे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड आतून लिंपून घेते आणि पिल्लं मोठी होईतो आतच बसते. नर बाहेरून फटीतून भरवतो. त्याने तुझं तोंड बघून डोळे उघडलेत, हेरंब. त्याची बायको तू आहेस. आणि बायको रोज सकाळी नऊला बॅग घेऊन मोहालीला जाते."

हेरंबने विचारलं, की मग शिशिर कोण?

ती म्हणाली, "ते तूच समजून घे."

उपाय काय, तर तिच्या मते एकच. मादीने झिडकारलं की नर दुसरीकडे जातो, आणि चंदीगडात धनेशांच्या माद्या काही कमी नाहीत. पण पाखराला नकार कानाने कळत नाही, अंगाने सांगावा लागतो. तुला तो सांगता येणार नाही, असंही तिने सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वीचा उद्या ती विसरली नव्हती.

हेरंबने दुसरा उपाय निवडला. रविवारी सकाळी सहा वाजता तो उशी, पाण्याची बाटली आणि थिसिसचा तिसरा भाग घेऊन बाथरूममध्ये शिरला आणि त्याने आतून कडी लावली.

धनाजीने असा रविवार कधी पाहिला नव्हता. पहिल्या दहा मिनिटांत तो गच्चीवरून झरोक्यावर आला, फटीतून एक डोळा लावून खात्री केली आणि कामाला लागला. आधी कुंडीतली माती आणली. गोळ्या करून एकेक फटीतून दिली आणि वाट बघत बसला. हेरंबला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. मग त्याने मान राखून फटीच्या कडेला थोडी टूथपेस्ट लिंपली. धनाजी आनंदाने ओरडला. दिवसभरात पिंपळाची एकतीस फळं आली, तुती आली, बाजारातून भटुऱ्याचा एक तुकडा आला आणि एक पाल आली, अर्धी. तुती हेरंबने खाल्ली. पाल त्याने आदरपूर्वक बादलीत ठेवली.

शिशिर दिवसभर खालच्या सूटकेसवाल्याच्या संडासात जात होता. पण तो घरभर फिरला, हेरंबच्या पलंगावर लोळला, धनाजीच्या समोरून तीनदा गेला. धनाजीने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याला वेळ नव्हता.

रजिस्टरमध्ये रविवारच्या रकान्यात शून्य पडलं. मार्चपासूनचं पहिलं.

सोमवारी सव्वाआठला शिशिरने बाथरूमच्या दारावर टकटक केली. हेरंबने आतून शून्याची बातमी दिली.

"बरोबर आहे," शिशिर म्हणाला. "पण तू संडासात आहे ना बे. जन्मभर राहतो का तिथं? बाहेर ये. बाहेर येऊन नाही चावला तर मी माफी मागतो ह्याची."

हेरंबने कडी काढली.

अंडी घालायच्या आधी ढोली फोडून निघालेली बायको धनाजीने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असणार. तो गच्चीच्या दारातून सरळ रेषेत आला. पहिला घाव भुवईवर बसला, दुसऱ्याने खालचा ओठ धरला आणि पिळला. ओठ मधोमध फाटला. हेरंब भिंतीवर आदळला, आरसा खाली आला, पांढऱ्या टाइल्सवर रक्ताचे थेंब पडून लगेच पायांनी फासले गेले. धनाजी त्याला छातीवर पाय रोवून बाथरूमकडे ढकलत होता. किलोच्या आतलं पाखरू साठ किलोच्या माणसाला ढकलत होतं आणि माणूस सरकत होता.

शिशिरने वरून टॉवेल टाकला आणि पंखांसकट त्याला पकडलं. टॉवेलातून फक्त डोकं बाहेर होतं. धनाजीने त्याचं बोट धरलं, हाडापर्यंत. शिशिरने दुसरा हात धनाजीच्या मानेभोवती नीट बसवला, जशी बाटलीच्या झाकणावर पकड घेतात तशी.

"थांब," हेरंब म्हणाला. फाटक्या ओठाने ते थांबपेक्षा थाप असं ऐकू आलं. "मी सांगतो त्याला."

त्याने धनाजीसकट टॉवेल हिसकावून घेतला, गच्चीवर गेला आणि धनाजीला हवेत फेकलं. धनाजीने एक गिरकी घेतली आणि परत आला. हेरंबने कोपऱ्यातला खराटा उचलला आणि मारला.

पहिला फटका चुकला. दुसरा पंखावर बसला. धनाजी कठड्यावर पडला, उठला, मान मागे टाकून घशातून एक फळ वर आणलं आणि चोचीच्या टोकावर धरून पुढे केलं. रुसलीय असं त्याला वाटलं असावं. हेरंबने फळासकट चोचीवर मारलं. फळ कुठल्या कुठे उडालं. धनाजी परत आला. हेरंबने परत मारलं. पिसं उडत होती, खराट्याच्या काड्या उडत होत्या, खाली सूटकेसवाला शटर अर्धं धरून वर बघत होता आणि या वेळी काहीच विचारत नव्हता. सातव्या की आठव्या फटक्याला धनाजी जमिनीवर पडला आणि एका पंखाने घसटत मागे सरकायला लागला. तीन वर्षांत पहिल्यांदा तो हेरंबपासून लांब जात होता. नकार पोचला होता. पण हेरंबचा हात थांबत नव्हता. तो मारत होता आणि रडत होता, आणि ओठातून रक्त आणि लाळ एकदमच गळत होतं.

शिशिरने त्याला मागून मिठी मारून उचललं. "बस कर बे," तो म्हणाला. "मरंल तो. हेरंब, मरून जाईल ना तो."

हेरंबने खाली मान घातली आणि शिशिरच्या मनगटात दात रोवले. नुसते रोवले नाहीत, पिळले. शिशिरने सोडलं नाही. दोघं तसेच उभे राहिले, एक जण दुसऱ्याला उचलून आणि दुसरा पहिल्याला चावून. तेवढ्यात धनाजी कठड्यावर चढला, डावा पंख दोनदा झटकला आणि तिरका, घाबरा उडाला. पिंपळावर तो थांबला नाही. तारांच्या वरून, बाजाराच्या वरून, सेक्टर तेवीसच्या झाडांकडे गेला. त्याची मान शाबूत होती.

हेरंबने मग तोंड उघडलं.

अपघात विभागातल्या डॉक्टरांनी आधी हेरंबचा ओठ शिवला. मग शिशिरचं बोट पाहिलं, कान पाहिला, आणि मनगटावरच्या दोन ओळींतल्या खुणा बराच वेळ पाहिल्या. ह्या पक्ष्याच्या नाहीत, असं त्यांनी जाहीर केलं. कुत्र्याच्याही नाहीत. काटनेवाला कहाँ है, त्यांनी विचारलं.

शिशिरने शेजारच्या खाटेकडे बोट केलं. ओठाला टाके घातलेला हेरंब छताकडे बघत पडला होता.

"इसने?" डॉक्टर म्हणाले. "क्यों काटा, जी?"

हेरंबला बोलता येत नव्हतं. आलं असतं तरी एवढ्या नोंदी केलेल्या माणसाजवळ या नोंदीचं कारण नव्हतं. शिशिरने थोडा विचार केला.

"मैं बीच में आ गया था," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं आणि दोघांनाही धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.