ज्याची पुंगळी त्याचा बार

मित्रांनो, मी एक जुनी पुंगळी आहे. पुंगळी म्हणजे उडालेल्या काडतुसाचे मागे उरलेले पितळी कवच. करंगळीएवढी माझी उंची, बूड जाड, मान आवळलेली. माझ्या पोटात आता ना दारू आहे ना तोंडात गोळी. आहे तो फक्त राग. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू किती गोड बोलतात हे मला ठाऊक आहे. छत्री बोलते, घड्याळ बोलते, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणते. माझ्याकडून तसले गोड बोलणे होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म पुण्याकडच्या एका सरकारी कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्याची आधी वाटी केली, वाटीची नळी केली, नळीची मान आवळून तिला बाटलीचा घाट दिला. बुडाला ठोसा बसताच पेटणारी टोपी बसवली, पोटात दारू भरली आणि तोंडात शिशाची गोळी घट्ट दाबली. माझ्या मापाला लोक 'तीनशे पंधरा' म्हणतात. हे माप फार जुने. फौजेच्या मापाची गोळी रयतेच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी ते वेगळे ठेवले, असे मी पुढे ज्यांच्या घरी गेले ते रामजी सांगत. इंग्रज गेले, त्यांच्या फौजेच्या बंदुका भंगारात गेल्या, मी मात्र अजून दुकानात मागितली जाते. याचा मला एके काळी अभिमान होता.

रामजी हे माझे पहिले धनी. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघाले की डाव्या हाताच्या उतारावर एका गावाच्या दोन वाड्या लागतात, वरची आणि खालची. रामजी वरच्या वाडीचे; घरात त्यांना आबा म्हणत. भात पोटरीला आले की रानडुकरांचा कळप यायचा आणि नांगर फिरवल्यासारखी खाचरे उलटीपालटी करून जायचा. म्हणून पीक राखण्यासाठी रामजींना रायफलीचा परवाना मिळाला होता. मी आणि माझ्या बहिणी त्यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहत होतो. पावसाळ्यात पितळ हिरवे पडते, म्हणून ते आम्हांला एकेक करून कोरड्या फडक्याने पुसत आणि पुसता पुसता आमच्याशी बोलत.

"तू हत्तीची नाय आन् सशाची पण नाय," ते म्हणत. "तू मधली. खांद्याला धक्का बेताचा, डुकराला एकच पुरे. मधल्यावर मानसानं भरवसा ठेवावा."

माझे सगळे कौतुक या एका वाक्यात आहे, मित्रांनो. मोठ्या गोळ्या खांदा निखळवतात, लहान गोळ्या जनावराला नुसते जखमी करून रानात कुजत ठेवतात. मी यांतले काही करत नाही. जेवढे काम, तेवढाच माझा जोर. पण रामजी एवढ्यावर थांबत नसत. त्यांचा एक नियम होता आणि तो ते मुलाला, म्हणजे महादूला, जेवतानासुद्धा ऐकवत: "आधी पाय बघ. झुडूप हाललं म्हनून बार टाकायचा नाय. डुकराला चार पाय, मानसाला दोन. पाय दिसले नाय तर घरी ये, भात गेला तर गेला."

त्या वाड्यांत शिकारीचा आणखी एक रिवाज होता. खालची वाडी हाका घालायची, म्हणजे डबे बडवत, ओरडत रान उठवत यायची. वरची वाडी बंदुका घेऊन जागा धरून बसायची. कुणी कुठे बसायचे हे ठरलेले, आणि कुणी काय खायचे हेही ठरलेले. अशी वाटणी कुणी केली, हे विचारायची पद्धत नव्हती. जनावर पडले की ज्याने मारले त्याने रायफलीतून पुंगळी काढायची, वर धरायची आणि ओरडायचे, "माझा बार!" मग मुंडी त्याची, मागचा फरा, म्हणजे अख्खी मांडी, त्याची, बाकीचे वाटे सगळ्यांत. ज्याची पुंगळी त्याचा बार. यावर वाद नसे.

माझ्या बहिणी एकेक करून कामी आल्या. रामजी गेले आणि रायफल महादूच्या नावावर झाली. महादूचे डोळे अधू झाले, गुडघे धरले. निवडणूक लागली की रायफल पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निवडणूक संपली की परत यायची. डब्यात उरलेल्या आम्हां दोघी-तिघींना मात्र कुणी पुसत नव्हते. माझ्या बुडाशी हिरवा डाग पडला. तरी मी कुरकुर केली नाही. डाग पडून डब्यात राहणे हे किती मोठे भाग्य होते, हे मला पुढे कळले.

कारण मग सुशांत आला. महादूचा पुतण्या, मुंबईला कुठल्याशा मॉलमध्ये नोकरीला. भात कापणीच्या वेळी तो गावी आला आणि पहिल्याच दिवशी डबा उघडून त्याने मला बाहेर काढले. मला वाटले, पुसेल. त्याने मला ओट्यावर उभे केले, मोबाईल समोर धरला आणि व्हिडिओत बोलू लागला, "भाई लोक, ही बघा तीनशे पंधरा. क्लासिक! शंभर साल झाली, हिला तोड नाय. ही कधी चुकतच नाय."

मी चुकत नाही. ऐकलेत? मित्रांनो, मी एक पितळेची बाटली आहे. मला डोळे नाहीत, मला अक्कल नाही, मला झुडूप आणि माणूस यांतला फरक कळत नाही. चुकणे आणि न चुकणे हे माझे कामच नव्हे. ज्याला स्वतःचा नेम ठाऊक नाही, तो गोळीचे गोडवे गातो. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, तसे याला नाचता येत नव्हते आणि हा अंगणाची आरती करत होता.

"काका, उद्या हाका घालायला सांगा," तो महादूला म्हणाला. "तुमच्या जागेवर मी बसतो."

"परवाना माझ्या नावावर हाय रे," महादू म्हणाला.

"जंगलात कोण बघतोय?"

महादूने रायफल दिली. नुसती दिली. आधी पाय बघ, हे सांगायला त्याची जीभ उचलली नाही. पोरगे मुंबईहून आले आहे, त्याला काय शिकवायचे! आपला तो बाब्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालची वाडी हाका घालत वर येऊ लागली. हाकेकऱ्यांत अश्वजित होता. हा वीर स्टेशनावरून महाडला रिक्षा चालवायचा. बायको आम्रपाली, एक लहान मुलगी, आणि रिक्षेच्या काचेवर बुद्धाचे चित्र. त्या दिवशी त्याने रिक्षा बंद ठेवली होती, कारण डुकरांनी त्याचेही खाचर उलटे केले होते. ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत त्याच्या पायात काटा गेला. तो काढायला तो खाली वाकला आणि जाळी हालली.

सुशांतने पाय बघितले नाहीत. त्याने चाप ओढला.

माझ्या बुडावर ठोसा बसला, पोटातली दारू पेटली आणि माझ्या तोंडची गोळी सुटली. तिने तिचे काम चोख केले. जेवढा जोर हवा तेवढाच. अश्वजितची उजवी मांडी फुटली.

आणि सुशांतने काय केले सांगू? त्याने जाळीकडे बघितलेसुद्धा नाही. त्याने बोल्ट, म्हणजे नळीमागचा दांडा, मागे ओढून मला बाहेर काढले, गरम असतानाच मला दोन बोटांत वर धरले आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल असा ओरडला, "माझा बार! मुंडी माझी!"

जाळीतून माणसाचा आवाज आला. तो वर गेलेला हात खाली आला आणि मी पँटच्या खिशात गेले.

अश्वजितला झोळीत घालून रस्त्यावर आणले, तिथून गाडीने महाडच्या दवाखान्यात. त्याचा जीव वाचला. पोलिसांना कळले. हवालदार म्हणाले, उद्या सकाळी जखमीचा जबाब घेतो, रायफल तशीच घेऊन या. आणि वरच्या वाडीत सगळ्यांची तोंडे एक झाली. बोलणे ठरले ते असे: महादूने रायफल क्षणभर अश्वजितकडे धरायला दिली होती. त्याचा पाय घसरला. गोळी सुटली.

गोळी सुटली! हे दोन शब्द ऐकले की माझ्या अंगाची लाही होते. मी कधी सुटत नाही. मला कुणीतरी सोडतो. डुक्कर पडले तर 'माझा बार', आणि माणूस पडला तर 'गोळी सुटली'? पराक्रम त्यांचा आणि पाप माझे? शिवाय परक्याची रायफल हाताळली म्हणून गुन्हाही अश्वजितच्याच गळ्यात, फुटलेल्या मांडीच्या वर.

पण त्यांच्या लबाडीत एक अडचण होती, आणि ती अडचण मी होते. रायफल हातातून पडून बार उडाला, तर पुंगळी नळीतच राहते. बोल्ट ओढल्याखेरीज ती बाहेर येत नाही. म्हणजे रायफल ठाण्यात नेण्याआधी मला परत नळीत घालणे भाग होते. भेदरलेल्या सुशांतला मला कुठे टाकले तेच आठवेना. दुपारभर काका-पुतणे करवंदीत गुडघ्यांवर रांगत मला शोधत होते. पाय बघायला ज्यांना सवड नव्हती, ते आता पालापाचोळा चाळत होते.

मी सापडले मंजुळाला. मंजुळा ही महादूची बायको. मागीलदारी दगडावर सुशांतची पँट आपटताना खणकन आवाज आला. तिने खिशात हात घातला, मला तळहातावर घेतले आणि हुंगले. दारूचा वास अजून होता.

तेवढ्यात महादू रानातून परतला. "सापडली? दे गो ती. नळीत घालतो."

"कशाला?"

"तुला नाय कळायचं."

"मला सगळं कळतंय," मंजुळा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पँट तिने पाण्यात भिरकावली. "आबा याच ओट्यावर बसून काय सांगायचे? पाय बघ. तुमी त्याला सांगितलं?"

महादू गुडघ्यांवरची माती झटकू लागला.

"अश्वजित रिक्षेचा ब्रेक कंच्या पायानं दाबतो, ठाव हाय? माझी आई आजारी पडली तवा वीरवरून भर पावसात त्यानंच आनली तिला. त्याच पायानं. आन् तुमी त्याला चोर करताव?"

"अगो, पोरगा आत जाईल. परवाना पन जाईल," महादू काकुळतीला आला. "पुढल्या साली डुकरं आली तर करू काय?"

"खाऊ देत भात. आबाच बोलायचे ना, गेला तर गेला?"

तिने मला पदराच्या टोकात बांधले आणि गाठीवर गाठ मारली. मित्रांनो, इतकी वर्षे डब्यात काढली, पण त्या गाठीत मला जेवढे सुरक्षित वाटले तेवढे कधीच वाटले नव्हते.

सकाळी पहिल्या एसटीने ती महाडला गेली. पाठोपाठ महादू आणि सुशांत रायफल घेऊन आलेच. दवाखान्यात अश्वजित भिंतीकडे तोंड करून पडला होता. आम्रपाली उशाशी बसली होती. औषधपाण्याचे आम्ही बघू, तू एवढेच बोल, असे त्याला आदल्या संध्याकाळीच सांगून झाले होते. बोलला नाहीस तर वरच्या वाडीतला एकही माणूस तुझ्या बाजूने उभा राहणार नाही, हेही सांगून झाले होते. हवालदार विचारत होते, तो उत्तर देत नव्हता.

"बोल ना," सुशांत म्हणाला. "तुझ्याच हातून गोळी सुटली ना?"

मंजुळा पुढे झाली. दातांनी गाठ सोडली आणि मला हवालदारांसमोरच्या स्टुलावर उभे केले.

"ही याच्या पँटीत सापडली," ती सुशांतकडे बोट करून म्हणाली. "रायफल अश्वजितच्या हातात होती, तर पुंगळी याच्या खिशात कशी गेली? आमच्यात ज्याची पुंगळी त्याचा बार."

हवालदारांनी मला चिमटीत धरून उलटसुलट पाहिले. "टोपीवरचा ठोसा रायफल कुठली ते सांगेल," ते म्हणाले. "चाप कुणी ओढला ते माणसानं सांगायला पाहिजे."

तेव्हा अश्वजितने भिंतीकडचे तोंड वळवले.

"मी सांगतो," तो म्हणाला. "पडल्यावर मी शुद्धीत होतो, साहेब. हा 'माझा बार' म्हणून ओरडला. मुंडी पन मागत होता. मुंडी माझीच होती ती."

आम्रपालीने तोंडाला पदर लावला. सुशांत दाराकडे सरकला. मग महादूच हळूच म्हणाला, "लिहा साहेब. रायफल मीच दिली त्याला." माझ्या साऱ्या आयुष्यात महादूबद्दल मला बरे वाटले ते या एका वाक्यापुरते.

आता मी ठाण्यातल्या मुद्देमालाच्या कपाटात आहे, कागदी पाकिटात, लाखेची मोहर लावलेली. मला कुणी पुसत नाही आणि मी पुन्हा हिरवी पडू लागले आहे. खटला चालेल तेव्हा मला बाहेर काढतील. निवडणुकीच्या वेळी माणसे बंदुका जमा करायला येतात आणि कपाटापलीकडे उभी राहून गप्पा मारतात. "काही म्हणा, तीनशे पंधरासारखी दुसरी नाय!" हे ऐकले की पाकीट फाडून बाहेर यावेसे वाटते. नको मला तुमचे कौतुक. माझ्या मापाला शंभर वर्षे झाली, म्हणून तुमच्या डोळ्यांना शंभर हत्तींचे बळ येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनंती करतात, मला जपा म्हणतात. मला जपू नका. मी हिरवी पडून विरून गेले तरी चालेल. जपायचे तर रामजींचा नियम जपा आणि आधी पाय बघा. आणि मुंडी मागताना जो हात वर जातो, तोच हात चूक झाल्यावरही वर जाऊ द्या. तो खिशात घालू नका.

अश्वजितची उजवी मांडी सांधली, पण गुडघा वळत नाही. वीर स्टेशनावर त्याची रिक्षा आता आम्रपाली चालवते. तो मागे बसतो, पाय आडवा टाकून, आणि चौक आला की तिला सांगतो, "ब्रेक दाब."