चारशे बारा नंबरची फाइल

मी नाकासमोर चालणारा माणूस आहे आणि गाडीही तशीच चालवतो. तीस वर्षांत माझ्या गाडीने कुणाच्या सायकललाही खरचटलं नाही. त्यामुळे रुग्णवाहिकेच्या ऑफिसातल्या बाईंनी माझा अर्ज काचेखालून परत सरकवला आणि "काका, तुमच्या नावावर सिग्नल तोडल्याची नोंद आहे" असं सांगितलं, तेव्हा मी आधी हसलो आणि मग भांडलो. भांडण हा माझा जुना रोग. बाई बिचाऱ्या शांतपणे म्हणाल्या, "सात वर्षांत एकही सिग्नल नको, असा आमचा नियम आहे. नोंद चुकीची असेल तर वाहतूक कोर्टातून दुरुस्त करून आणा. महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते."

काचेचा कारखाना बंद पडला त्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून मी घरीच. पन्नाशी उलटलेल्या ड्रायव्हरला कोण विचारतं? ही नोकरी हुकली तर पुढे फक्त वॉचमनची खुर्ची होती, आणि एका जागी बसणं मला जन्मात जमलेलं नाही. आमची ही तर म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा ब्रेक दाबता.

"दादा, मी येते तुमच्याबरोबर," भावजय म्हणाली. "तुम्ही तिथे आवाज चढवाल आणि काम राहील बाजूला."

भावजय म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. शाळेच्या ऑफिसात काम करते, सरकारी कागद तिला वाचता येतात. मला सरकारी कागद दिला की मी फक्त शिक्का कुठे आहे ते बघतो.

धाकट्याला जाऊन पाच वर्षं झाली. तोही आमच्याच कारखान्यात ट्रकवर होता. एका सकाळी चौकात लाल दिवा असताना तो सरळ आत गेला आणि बाजूने येणाऱ्या सिमेंटच्या गाडीने त्याची केबिन चेपली. लोक म्हणाले, घाई नडली. मीही तेच म्हणालो. खरं काय ते दोन वर्षांपूर्वी कळलं. शाळेत पुतणीचे डोळे तपासले तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिची कडेची नजर कमी होत चालली आहे, घरात आणखी कुणाला आहे का? मग भावजयीला एकेक आठवत गेलं. ताटाशेजारचं पाण्याचं भांडं तो रोज सांडायचा. दाराच्या चौकटीला त्याचा खांदा लागायचा. समोरचं त्याला लख्ख दिसायचं, कडेचं नाही. लायसन्सच्या वेळी समोरची अक्षरं वाचायला लावतात, ती त्याने घडाघडा वाचली होती. आपल्याला कमी दिसतं हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसावं.

"एकदा कुणीतरी त्यांचे डोळे नीट तपासायला हवे होते," असं भावजय तेव्हापासून म्हणते. भाजी निवडताना म्हणते, बसची वाट बघताना म्हणते. मी दर वेळी मान डोलावतो. दुसरं काय करणार?

वाहतूक कोर्टाची रेकॉर्डची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. लोखंडी मांडण्या छतापर्यंत, त्यात कापडात बांधलेले गठ्ठे, आणि दारात एक टेबल. टेबलामागे बोटाला रबरी टोपी घातलेले कारकून. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेला माणूस जसा सगळ्यांशी मोकळा बोलतो तसे ते बोलत होते.

पहिल्या दिवशी आम्ही माझ्या नावाने शोधा म्हणून सांगितलं. कारकून हसले. "ताई, इथे नावाने देवसुद्धा सापडायचा नाही. खटला नंबर आणा."

खटला नंबर माझ्या रेकॉर्डच्या दाखल्यावर होता, आणि दाखला घरी कपाटात. दुसऱ्या दिवशी तो घेऊन गेलो, तर नंबरापुढे लिहिलेल्या वर्षाचं रजिस्टर उघडून आम्ही दोन तास डोकं खुपसून बसलो आणि हाती काही लागलं नाही. शेवटी कारकुनांनाच दया आली. "हे वर्ष दाखल झाल्याचं. इथे निकालाच्या तारखेनं लावतात. पुढच्या वर्षाचं रजिस्टर बघा." सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, आमचं दोन फेऱ्यांत मार्गी लागतंय याचंच मला अप्रूप वाटत होतं. मी खुशीत होतो. चूक कुणाची ते सापडलं की त्याला असा फैलावर घ्यायचा, याची मनात तयारी चालली होती.

भावजयीचं बोट ओळीवर थांबलं.

"हे बघा दादा. खटला नंबर जुळतो. आरोपी म्हणून तुमचं नाव आहे. पुढे गु. क. आणि नि. लिहिलंय. म्हणजे काय हो?"

"गुन्हा कबूल, निकाली," कारकून म्हणाले.

"कबूल? मी कधी कबूल केला?" माझा आवाज चढलाच. "कालपर्यंत मी या कोर्टाची पायरीसुद्धा चढलो नव्हतो!"

"गाडी चारशे बारा," भावजयीने पुढचं वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज बसला. पण दुसऱ्याच्या आवाजाकडे लक्ष देणारा मी नव्हे.

"चारशे बारा! बघा साहेब, ही माझी गाडीच नाही! मी सहाशे सात चालवायचो, कुणालाही विचारा. सापडली की नाही चूक? चारशे बारा तर आमच्या धाकट्याची..."

कारकून माझ्याकडे बघत होते. भावजय रजिस्टरकडे बघत होती.

"फाइल दाखवता का?" ती त्यांना म्हणाली.

कारकून आत जाऊन गठ्ठा घेऊन आले, गाठ सोडली आणि एक पातळ फाइल काढून टेबलावर ठेवली. तीन कागद होते. पहिला कॅमेऱ्याचा फोटो. दुसरं कारखान्याचं पत्र, की त्या वेळी गाडीवर अमुक ड्रायव्हर होता. तिथे माझं नाव, माझा लायसन्स नंबर. तिसरा कबुलीचा छापील फॉर्म, आणि त्याखाली सही. सही माझीच होती. खोटी म्हणायला जागा नव्हती. माझ्या सहीतलं शेवटचं अक्षर दर वेळी कागदाबाहेर पळायला बघतं, तसंच ते तिथेही पळत होतं.

आता मला सगळं आठवलं. कसं विसरलो होतो, याचंच नवल वाटतं.

कारखान्यात आम्ही याला वाटणी म्हणायचो. एका माणसाच्या नावावर वर्षात तीन सिग्नल झाले की लायसन्स जमा होतं आणि माणूस घरी बसतो. म्हणून आम्ही सगळ्या ड्रायव्हरांनी कबुलीचे कोरे फॉर्म सह्या करून मुकादमाकडे देऊन ठेवले होते. कुणाचे दोन भरले की तिसरा दुसऱ्या कुणाच्या नावावर जायचा. कुणाचा ते विचारायचं नाही, हा त्यातला मान होता. विचारणारा हलका ठरायचा. मी तर एकदम पाच फॉर्म दिले होते, आणि त्याचा मला अभिमान होता.

एका संध्याकाळी मी नळावर हात धूत होतो. मुकादम फाटकातून ओरडले, "एक सिग्नल तुझ्यावर टाकतोय रे!" मी मान वर न करता म्हणालो, "टाका की." दोन शब्द. मग हात पुसले आणि घरी गेलो. सिग्नल मी तोडला नव्हता, म्हणून तो माझ्या नावावर राहील हे डोक्यातच आलं नाही.

"वाटून घेतलेलं दिसतंय," कारकून म्हणाले. ते रागावले नव्हते. "आम्हाला काय कळत नाही? आम्ही शिक्के मारतो. पण तुम्ही लोक वेडे आहात. वर्षात तीन झाले की लायसन्स जमा होतं, ते काय शिक्षा म्हणून? डॉक्टरकडे पाठवतात. डोळे, कान, साखर, सगळं तपासतात. तीनदा लाल दिवा चुकतो म्हणजे माणसाला काहीतरी झालेलं असतं, म्हणून तो नियम आहे."

"डोळे कसे तपासतात?" भावजयीने विचारलं.

"नीट तपासतात. मशीनवर बसवतात. समोरचं, कडेचं, सगळं."

तिने कॅमेऱ्याचा फोटो जवळ ओढला. मग म्हणाली, "चारशे बारावर त्या वर्षी आणखी काही आहे का, बघता?"

कारकुनांनी रजिस्टर उलटंसुलटं केलं. आणखी दोन होते. दोन्ही धाकट्याच्या नावावर, दोन्ही सिग्नल. आणि हा तिसरा. तिने तिन्ही तारखा स्वतःच्या डायरीत लिहून घेतल्या आणि तिसऱ्या तारखेपासून बोटांवर दिवस मोजले. मी मोजू नकोस म्हणणार होतो. तेवीस दिवस होते. "तेविसाव्या दिवशी माझे मिस्टर अपघातात गेले," ती कारकुनांना म्हणाली.

"मला सिग्नल दिसलाच नाही रे," असं धाकटा म्हणायचा. सगळेच ड्रायव्हर असं म्हणतात. आम्ही हसायचो. गाडी काढताना तो मान इकडून तिकडे फिरवायचा, म्हणून आम्ही त्याला बगळा म्हणायचो. ते नाव मीच ठेवलं होतं. तो आपल्या परीने कडेचं बघायला धडपडत होता आणि सख्खा भाऊ त्याला बगळा म्हणून हाका मारत होता.

फोटोत त्याची मानच आधी दिसते. चेहरा काचेवरच्या उजेडात पुसट झालाय, पण मान उजवीकडे वळलेली, हनुवटी थोडी वर. दिवा डाव्या बाजूला, लाल. दुपारचे तीन चाळीस.

कारकुनांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. "दुरुस्तीचा अर्ज. गाडीवर कोण होतं ते लिहा. खोटी कबुली दिलीत म्हणून साहेब चार शब्द सुनावतील, पण माणूस हयात नाही म्हटल्यावर ताणणार नाहीत. फाइल वर जाईल, तुमचं नाव निघेल. नोकरीचं काम आहे ना?"

मी फॉर्म घेऊन बाहेर बाकावर येऊन बसलो. भावजय शेजारी बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. बोलायलाच हवं होतं, आणि मला वाटलं, निदान खरं तरी लिहावं.

"मी लिहून देतो," मी म्हणालो. "गाडी तो चालवत होता, असं स्पष्ट लिहितो. तिसरा त्याचाच होता म्हणून."

"आता लिहून काय होणार दादा?" ती म्हणाली. "आता त्यांचे डोळे तपासणार आहेत का?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला मी उत्तर देऊ शकतो. मला मुकादमावर ढकलायचं होतं, कारखान्यावर ढकलायचं होतं, सगळेच करायचे असं सांगायचं होतं. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य तिच्यासमोर काढायची माझी छाती झाली नाही. दोन वर्षं मी या बाईसमोर मान डोलावत होतो, एकदा कुणीतरी तपासायला हवं होतं म्हणून. तपासायला घेऊनच चालले होते त्याला. मी मध्ये हात घातला.

"तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला कळतं," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पण तुम्ही विचारलं का नाहीत? कुणाचा, एवढंच."

"विचारत नसत कुणी."

तिने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. मग उठून ती परत आत गेली. मी मागोमाग गेलो.

"त्या फोटोची नक्कल मिळेल का?" तिने कारकुनांना विचारलं. "त्यानंतर त्यांचा कुणी फोटो काढलेला नाही. शेवटचा तोच आहे."

कारकुनांनी बोटावरची रबरी टोपी काढली. त्यांचाही चेहरा उतरला. "ताई, निकाली फाइलची नक्कल फक्त आरोपीला देता येते. तुमच्या मिस्टरांचं नाव या फाइलवर कुठेच नाही. आणि यांचा दुरुस्तीचा अर्ज आला की फाइल लगेच वर जाते. वर गेलेली परत खाली येताना फोटो असतीलच, याची खात्री मी देणार नाही."

भावजय माझ्याकडे वळली नाही. टेबलावरच्या फाइलकडे बघत उभी राहिली. तिने काही मागितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दुरुस्तीचा फॉर्म मी कारकुनांना परत दिला आणि नकलेचा अर्ज मागितला. त्यात चारच रकाने होते. नाव, खटला नंबर, नक्कल कशासाठी हवी, आणि अर्जदाराचं खटल्याशी नातं. कशासाठी, तिथे मी 'घरी ठेवण्यासाठी' असं लिहिलं. नात्यापाशी माझा हात अडला. भाऊ, असं लिहावंसं वाटलं. कारकून हळूच म्हणाले, "तिथे आरोपी लिहावं लागेल. नाहीतर देता यायची नाही. आणि एकदा तसं लिहून दिलंत की पुढे दुरुस्तीचा अर्ज चालायचा नाही."

मी लिहिलं.

नक्कल काळीपांढरी आली. लाल दिवा त्यात नुसता राखाडी ठिपका दिसत होता, पण मान स्पष्ट होती. भावजयीने ती दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवली आणि पिशवीत आडवी घातली, मुडपू नये म्हणून. मग ती फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडून बस स्टॉपवर जाऊन उभी राहिली. मी कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबलो. आमची बस एकच होती, पण तिच्या शेजारी जाऊन उभं राहायची मला हिंमत झाली नाही. ती बस गेल्यावर मी स्टॉपवर गेलो आणि पुढच्या बसची वाट बघत राहिलो.