घोंगड्याची नव्वद वर्षं

बारामतीच्या त्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी नवरा-नवरी बसायची तिथं टेबलावर एक काळी पेटी होती. पेटीवर काटा, काट्याखाली शून्यापासून शंभरपर्यंत आकडे आणि दोन वायरींच्या टोकांना पितळी दांड्या. वर कापडी फलक झुलत होता : ‘शतायू केंद्र. आयुष्य किती उरलं, मशीन सांगेल. कमी असेल तर आम्ही वाढवू.’

“घट्ट धरा, आजोबा,” पांढऱ्या कोटातले डॉक्टर म्हणाले.

कळंबच्या भिमातात्यांनी दांड्या धरल्या. काटा चारावर थांबला.

“चार वर्षं! पण घाबरायचं नाही. म्हातारपण म्हणजे काय? पेशींमधली वीज झोपते. आपण तिला उठवायचं!”

तात्यांचे हात एका घमेल्यातल्या ‘संजीवनी जला’त बुडवले. ओल्या हातांनी पुन्हा दांड्या. काटा सरसर एकोणिसावर गेला.

“पंधरा वर्षं वाढली! दोन मिनिटांत!”

टाळ्यांनी हॉल दणाणला. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग निरवांगीच्या सारजाबाईंचा नंबर आला. सोबत मुलगा रविराज होता. बाई सकाळभर लोकर पिंजून आल्या होत्या. हात मेणचट आणि भेगाळलेले. त्यांनी दांड्या धरल्या. काटा हलला न हलल्यासारखा झाला.

डॉक्टरांनी आकडा वाचला. “दीड वर्ष.”

या वेळी टाळ्या नाहीत. मागं कुणीतरी चुकचुकलं.

डॉक्टरांनी फॉर्म पुढं ओढला. “शेती किती? मेंढरं किती? कारखान्यात कोण आहे?” सगळं लिहून झाल्यावर ते म्हणाले, “सुवर्ण कोर्स, संजीवनी जलाची बाटली. अकरा हजार, रविवारपर्यंत भरले तर. आणि सरकारी दवाखान्यातल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आजपासून बंद. त्या पेशींची वीज मारतात.”

त्या दिवसापासून सारजाबाईंनी गोळ्या सोडल्या, आणि त्यांना घासही गिळेना. एक दिवाळी बघायची, दुसरी दिसेल का? नात छकुली मांडीवर येऊन बसली की तिचे केस विंचरता विंचरता हात थांबायचा. चौथ्या दिवशी ओढ्यावर मेंढरांना पाणी पाजताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्या काठावरच बसल्या. दीड वर्षाचं आता दीड दिवसावर आलं, असंच त्यांना वाटलं.

रविराज घाबरून दादासाहेब गुरुजींकडं धावला. गुरुजी निवृत्त झाले होते, पण संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर अजून पोरांची शाळा भरायची.

“गुरुजी, मेंढरांना गिऱ्हाईक हाय का बगा. आठीच्या आठी इकायच्यात.”

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांनी सारजाबाईंना इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. प्रेशर फार वाढलं होतं. गोळी दिली, पडून राहायला लावलं. उतार पडल्यावर गुरुजींनी बाईंना ओट्यावर बसवलं.

“सारजाबाई, बाजारात मेंढी घेताना मालक म्हणाला, ‘दोन दाती हाय,’ तर तुम्ही काय करता?”

“त्येचं कोण ऐकतंय? तोंड उगडून दात बगते. दातावरनं वय कळतंय.”

“मग या दीड वर्षाचे दात कुणी बघितले?”

गुरुजींनी शाळेतलं काट्याचं यंत्र, एक सेल आणि दोन खिळे जोडून पुढं ठेवले. छकुलीनं कोरड्या हातांनी खिळे धरले. काटा जागचा हलला नाही. मिठाच्या पाण्यात हात बुडवून धरले, काटा सरकला.

“आज्जे, म्या लई जगणार!” छकुली नाचली.

“वीज ओल्यातून वाहते, मिठाच्या ओल्यातून जास्त,” गुरुजी म्हणाले. “तुमचे हात कोरडे, वर लोकरीचं मेण. काट्यानं तेवढंच सांगितलं.”

“पर त्यांचं मशीन मोटं हाय, गुरुजी. त्यात दीड आलं ते आलंच की.” भीती अशी एका खिळ्यानं उपटत नाही.

“मग त्याच मशीनवर बघू.”

रविवारी गुरुजींसोबत निघताना सारजाबाईंनी आपणहून घोंगडं खांद्यावर टाकलं. ते रविराजच्या वडलांचं होतं. हॉलमध्ये त्यांचा नंबर आला. त्यांनी दांड्या कोरड्या घोंगड्यात खुपसल्या. काटा शून्यावर.

“अहो बाई, हे काय?” डॉक्टर ओरडले.

बाईंनी घोंगड्याचं टोक संजीवनी जलात बुडवलं, पिळलं आणि त्यात दांड्या दाबून धरल्या. काटा नव्वदावर जाऊन थरथरला.

मागच्या रांगा बघायला उठून उभ्या राहिल्या.

“लोकर ही... लोकर ही सजीव पेशीच आहे,” डॉक्टर म्हणाले.

“आवं, ज्या मेंढरांची ही लोकर, ती मरून ईस वर्सं झाली!” सारजाबाईंचा आवाज फुटला. “आन माजा मालक हेच पांगरून गेला!”

पहिलं हसू पैसे भरायला आलेल्या भिमातात्यांना आलं, मग सगळा हॉल हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत.

“तात्या, तुम्हाला किती सांगितले?”

“बावीस हजार. सा एकर ऊस हाय म्हनलं व्हतं.”

“सारजाबाईंना अकरा. बाटली तीच, पाणी तेच. हा औषधाचा भाव नव्हे, तुमच्या ऐपतीचा भाव आहे.”

लोक टेबलाकडं सरकले. तेवढ्यात डॉक्टर आचाऱ्यांच्या दारानं पसार झाले. पेटी तिथंच राहिली. रविराजनं पहिल्या दिवशी भरलेला पाचशेचा इसार काही परत मिळाला नाही.

गुरुजी खुर्चीवर चढले. “आयुष्य वाढवतो म्हणणारा भेटला की विचारा : काय मोजता? पुन्हा मोजलं तर तेच येतं का? तुमच्याकडं न येणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त जगले, हे कुणी तपासलं? दर सगळ्यांना एकच आहे का, भिंतीवर लिहिलाय का? आणि चालू औषध बंद कर म्हणाला, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.”

परतीच्या एसटीत बाईंनी हळूच विचारलं, “मग मला खरंच किती वर्सं हायती, गुरुजी?”

“ठाऊक नाही. कुणालाच नाही. आजची गोळी घेतली का?”

बाईंनी कनवटीची पुडी सोडली. गोळी तोंडात टाकली.

घरी आल्यावर त्यांनी वाड्यातली एक मेंढी धरली, तिचे ओठ अंगठ्यानं वर केले आणि छकुलीला जवळ ओढलं.

“हितं बग, छकुले. इकणाऱ्याच्या तोंडाकडं न्हाय बगायचं. मेंढीच्या तोंडात बगायचं.”