चार प्लग आणि एक चावी

मित्रांनो, मी एक जुनी पेट्रोल मोटार आहे. रावेतच्या सोपानरावांच्या दारात अठ्ठावीस वर्षं उभी आहे. आले तेव्हा माझा रंग मोरपंखी होता. गावातली माणसं कौतुकानं हात फिरवायची. पुढे शेजारी नव्या गाड्या आल्या आणि माझ्या टपावर कुरडया वाळू लागल्या.

दोन वर्षांपूर्वी सोपानरावांच्या पत्नी गोजाबाई यांची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला चिंचवडला जायचं. रिक्षाचे हादरे त्यांना सोसेनात, म्हणून पुन्हा माझी आठवण झाली.

पण गेल्या महिन्यात मीच धापा टाकू लागले. इंजिनात ठिणगी पाडणारे माझे चार प्लग काजळीनं भरले होते. एकदा मी भर पुलावर बंद पडले. मागून ट्रकांचे भोंगे, आत गोजाबाईंचा घामेजलेला हात माझ्या दाराला घट्ट धरून. लाजेनं मेल्यासारखं झालं.

पुढच्या खेपेच्या दिवशी सोपानरावांनी नवे प्लग आणले. "लई भारी हायेत. नव्या गाड्यांत असलेच असत्यात," म्हणाले आणि स्वतःच बसवले.

शेवटचा प्लग आवळला आणि मला धोका कळला. या नव्या प्लगांचे आटे फार लांब होते. टोकं पार आत, पिस्टनच्या वाटेत आली होती. इंजिन एकदा फिरलं की टोकं मोडणार, पिस्टन फुटणार. मग माझी वाट थेट भंगाराकडे. आणि गोजाबाईंचं काय? मला ओरडता येत नव्हतं. सोपानराव आत बसले. चावी घातली.

तेवढ्यात त्यांची लेक दीपमाला पहिली शिफ्ट करून आली. ती चाकणच्या कंपनीत इंजिनं तपासते. तिनं प्लगचं रिकामं खोकं उचललं, वरचा क्रमांक वाचला आणि किंचाळली, "आण्णा, चावी फिरवू नका!"

तिनं एक नवा प्लग काढून जुन्याशेजारी धरला. नव्याचे आटे हरभऱ्याच्या दाण्याएवढे जास्त लांब.

"भारी असून काय उपयोग? हिच्या मापाचा नको का?"

सोपानराव गाडीतून खाली उतरले. "तुझ्या आईची येळ चुकंल या भ्यानं घाई केली गं."

ओट्यावर बसलेल्या गोजाबाई उठल्या. "मी आज रिक्षानं जाते. सोसंन. तिला गाडी नीट बघू द्या."

सोपानराव त्यांच्यासोबत रिक्षात बसले. मी दोघांना जाताना पाहिलं, प्रत्येक खड्ड्याचा विचार करत.

दीपमालानं माझी जीर्ण पुस्तिका उघडली. त्यात प्लगचे दोन क्रमांक होते, एक लांबच्या पल्ल्यावर वेगानं धावणाऱ्या गाडीसाठी, दुसरा गर्दीत हळू चालणाऱ्या गाडीसाठी. आजवर पहिलाच वापरला होता. गर्दीत तो प्लग पुरेसा तापत नसे, म्हणून त्यावरची काजळी जळत नसे. तिनं दुसऱ्या क्रमांकाचे चार प्लग आणले, ठिणगी पडते ती टोकाची फट पट्टीनं मोजली, प्लग आधी हातानंच फिरवून बसवले आणि मग आवळले.

संध्याकाळी दीपमाला आणि मी, आम्ही दोघी रुग्णालयाच्या दारात होतो. गोजाबाई मागच्या आसनावर टेकल्या, सोपानराव लेकीशेजारी पुढे बसले. वाटेत सात सिग्नल लागले. प्रत्येक ठिकाणी मी धास्तावले, पण बंद पडले नाही. पाचव्या सिग्नलला मागून घोरणं ऐकू आलं.

"आण्णा, आई झोपली," दीपमाला हळूच म्हणाली.

सोपानरावांनी डोळे पुसले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा; पण त्यांना काय मानवतं, ते आधी विचारा. माणसांनाही विचारा. आम्हांला ओरडता येत नाही, आणि गोजाबाईंसारखी माणसं ओरडत नाहीत.