लहरी महाराजांची झोळी

संगणकाच्या काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली आणि पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी एकदम श्वास रोखला. दुसरी ओळ. तिसरी.

"पाहा! श्वास सुरू झाला," लहरी महाराज म्हणाले. हवेतल्या लहरी पकडतात म्हणून हे नाव. त्यांचा एक हात यंत्राच्या डोक्यावर होता आणि डोळे अर्धवट मिटलेले. उरलेल्या अर्ध्यांनी ते गर्दी मोजत होते. "युनिक्स म्हणजे काय? युनिक! एकमेव! आत्मा एकमेव, यंत्र एकमेव. ज्यानं जन्मभर या यंत्राची सेवा केली, तो याला सोडून जाईल कुठे?"

"कुठेच नाही!" तळमजल्यावरचे काका म्हणाले. काकांना संगणक चालूही करता येत नसे, त्यामुळे त्यांची श्रद्धा निर्भेळ होती.

सेवा करणारे ते या घरातले बाबा. त्यांची नोकरी युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीवर चालणारी यंत्रं सांभाळण्यात गेली आणि घरीही त्यांनी दुसरं काही शिरू दिलं नाही. बाबा गेले त्याच आठवड्यात घरचं इंटरनेटही गेलं. आईनं दोन्हींचं नातं जुळवलं, महाराजांनी ते पक्कं केलं. पहिल्या दिवशी त्यांनी दार लावून यंत्राची 'शुद्धी' केली. तेव्हापासून महाराज आले की इंटरनेट चालू, जिना उतरले की बंद. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता?

थोरल्या लेकीला हवा होता. ती शाळेत विज्ञान शिकवते म्हणून घरात तिला मास्तरीण म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. ती सकाळीच येऊन धडकली होती, कारण धाकट्या भावानं फोनवर सांगितलं होतं, "ताई, आईनं बीपीच्या गोळ्या बंद केल्यात."

"गोळ्यांनी लहरी तुटतात," आईनं दारातच सांगून टाकलं. चेहरा सुजलेला, बोलताना धाप लागत होती. "मी गोळी घेतली की हे गप्प होतात."

"आणि तुला काही झालं तर?"

"मग भेटतीलच की."

इतक्या शांतपणे इतकं चुकीचं उत्तर तिला वर्गात कधी कुणी दिलं नव्हतं.

आता ती भिंतीला टेकून ओळी बघत होती. त्या तिच्या ओळखीच्या होत्या. बाबा जेवण झालं की रोज हीच आज्ञा द्यायचे. आपलं यंत्र दूरच्या एका यंत्राला हाक मारतं, "आहेस का?" ते म्हणतं, "आहे." एका उत्तराची एक ओळ. म्हणजे हाक पोहोचत होती. पण कुठल्या वाटेनं? भावाच्या सांगण्याप्रमाणे, हात उचलून महाराज स्वयंपाकघरात गेले तरी ओळी चालू राहत होत्या, आणि इमारतीबाहेर पडले की थांबत होत्या. म्हणजे हातात काही नव्हतं. जे होतं ते महाराजांबरोबर ये-जा करत होतं.

चहाआधी महाराज हात धुवायला उठले. पाणी उडू नये म्हणून त्यांनी झोळी खुर्चीला अडकवली. मास्तरणीनं ती भावाच्या हातात दिली. "रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन ये. काही विचारू नकोस."

महाराज परतले, हात यंत्रावर ठेवला, आणि ओळी थांबल्या.

"कुणीतरी मनात शंका आणली आहे," महाराज गरजले. मग त्यांची नजर खुर्चीकडे गेली. "माझी झोळी?"

"तुम्ही आहात ना," मास्तरीण म्हणाली. "श्वास तुमच्या हातात आहे. झोळी कशाला हवी?"

महाराजांनी दुसराही हात ठेवला. पडदा ढिम्म. कपाळावर घाम आला, तो मात्र अस्सल होता. एवढ्यात भाऊ परत आला. तो जिन्यात असतानाच पडद्यावर ओळ उमटली. मग धडाधड ओळी.

"अरे, मेलेला माणूस जिना चढून आला!" काका ओरडले आणि आपण काय बोललो ते कळून गप्प झाले.

झोळीत मंतरलेला दगड असल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. मास्तरणीनं ती उलटी केली तर निघाला मोबाइल, जवळच्या यंत्रांना इंटरनेट वाटणारा हॉटस्पॉट चालू ठेवलेला. शुद्धीच्या वेळी महाराजांनी यंत्राला त्याचीच ओळख करून दिली होती. महाराजांनी मोबाइल ओढून घेतला आणि चहा न घेता गेले. पडदा पुन्हा थिजला.

मास्तरीण टेबलामागे वाकली. यंत्राला इंटरनेटच्या केबलची दोन भोकं होती, दिसायला जुळी. बाबांनी यंत्राला एकाचीच सवय लावली होती. बाबा गेल्यावर समाचाराला येणाऱ्यांसाठी जागा करताना भावानं टेबल हलवलं होतं आणि निघालेली केबल दुसऱ्यात खोचली होती. तिनं ती पहिल्यात घातली. हिरवा दिवा लागला. ओळी सुरू झाल्या. यंत्रावर कुणाचाच हात नव्हता.

आई पुढे झाली. "म्हणजे आता हे कायम बोलतील?"

"नाही आई. ही बाबांची उत्तरं नाहीत. तिकडचं यंत्र कुणालाही असंच उत्तर देतं. काकांनी हाक मारली तरी देईल."

"मग ते कुठेच नाहीत?"

मास्तरणीला खोटं बोलता आलं असतं. "यात नाहीत," ती म्हणाली.

आई मटकन बसली. गर्दी चपला शोधू लागली. चमत्कार संपला की माणसांना घरची कामं आठवतात. मास्तरीण दारात आडवी उभी राहिली.

"काका, थांबा. माणूस बाजूला काढून बघायचं, मग झोळी बाजूला काढून बघायचं. एवढंच केलंत तरी पुढचा महाराज जिना चढणार नाही. तुमच्यापैकी एकानं जरी हे आधी केलं असतं, तर हिच्या गोळ्या बंद झाल्या नसत्या."

काका गाडी बोलवायला खाली उतरले.

दवाखान्यात जाताना आई खिडकीकडे तोंड करून बसली. डॉक्टरांनी बीपी बघून तिला ठेवूनच घेतलं. नर्सनं पुढे केलेली गोळी तिनं बराच वेळ मुठीत धरली.

"तू दुष्ट आहेस," ती लेकीला म्हणाली, आणि पाणी मागितलं.