उजव्या पायाचा गिअर

गाडी घरातच तयार झाली, कापसाच्या खोलीत. दीड वर्ष. कापूस ओसरीवर लोळला आणि प्रमिलाबाईंनी रोज सकाळी आपल्या लेकाचा, धनंजयचा, उद्धार केला.

चेसिस भंगारातली. टाकी घरीच पत्रा ठोकून केलेली. सायलेन्सर—

सायलेन्सर राहू द्या. मुद्दा गिअरचा आहे.

धनंजयचा डावा पाय लहानपणापासून वाळलेला. पंजा हलतच नाही. आणि बाजारातल्या मोटारसायकलींचा गिअर डाव्या पायाखाली. म्हणून पस्तिशीपर्यंत हा गडी आंजीहून वर्ध्याला कोणाची तरी पाठ बघत गेला. बहुतेकदा योगेंद्रची. शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी मिळून इंजिनाखालून आडवा दांडा नेला, गिअर उजव्या पायाला आणला, मागचा ब्रेक हाताला दिला. चौदा दांडे वाकले. पंधराव्याला गिअर पडला, तेव्हा अंगणात नाचला तो योगेंद्र.

कागद योगेंद्रच्याच नावावर. लायसन त्याच्याजवळ होतं ना.

सोमवारी धनंजय पहिल्यांदा गाडी चालवणार होता. स्वतः. त्याआधी तीन दिवस सिंदीला बहिणीकडे जाऊन आला.

रविवारी परतला तर गाडी अंगणात. बाजूला हिंगणघाटचा एक गॉगलवाला. आणि गिअर

डावीकडे.

"दांडा कुठी हाय?"

"काढला." योगेंद्र टाकी पुसत होता. "गिऱ्हाइकाले उजव्याची सवय नाई ना बे. तुह्यासाठी दुसरी बनवू. आता तं आपल्याले जमते."

"मले काऊन नाई विचारलं?"

"तू नाईच म्हटलं असतं!"

हे मात्र खरं होतं.

धनंजयनं काठी भिंतीला टेकवली आणि गाडीवर बसला. किक मारली. क्लच दाबून गॉगलवाल्याला म्हणाला, "भाऊ, पहिला टाकून द्या जरा."

गिऱ्हाइकाला वाटलं, दाखवायची हीच रीत असेल. त्यानं वाकून हातानं गिअर दाबला.

गाडी फाटकातून बाहेर. आयुष्यात पहिल्यांदा समोर कोणाची पाठ नव्हती. देवळामागचं वळण. शाळा. मग सरळ डांबरी. पहिल्यातच. इंजिन गळा फाडून ओरडत होतं, लोक कानांवर हात ठेवून बाजूला होत होते, आणि धनंजयला

हसू येत होतं. मग येईनासं झालं.

गॉगलवाल्याची गाडी घेऊन योगेंद्र मागून आला. सहज आला. बरोबरीला लागला.

"इंजिन जळन बे! दुसरा टाक ना!"

बोलून गेला आणि त्याची नजर धनंजयच्या डाव्या पायावर गेली. मग त्यानं आपली गाडी धनंजयच्या डाव्या अंगाला खेटून आणली, उजवा पाय लांब केला, गिअरपर्यंत पोचवला.

"धन्या, क्लच दाब. मी टाकतो."

धनंजयची चार बोटं क्लचवरच होती. क्लच न दाबताच त्यानं ती एकेक करून सरळ केली.