ब्लिया शुआंना पोचवताना

म्हातारे ब्लिया शुआ गेले, तेव्हा सेंट पॉलमध्ये लाओसहून येऊन राहिलेल्या त्यांच्या लोकांत मयताला केंग हे बांबूचं फुंकवाद्य वाजवणारे दोघेच उरले होते. एक अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. दुसरा न्हिआ चोंग, ब्लिया शुआंचाच शिष्य, आणि त्याचं शिक्षण अर्धवट राहिलेलं.

कारखान्यातून सुटल्यावर तो गुरुजींच्या गॅरेजमध्ये शिकायला जायचा. मयताचे सूर राहत्या घरात काढले तर मरण आत येतं, म्हणून गॅरेज. केंगच्या सहा बांबूनळ्यांतला सूर न् सूर म्हणजे शब्द. त्या शब्दांनी मेलेल्याचा जीव गावोगाव मागे न्यायचा, त्याची नाळ पुरलेल्या जागेपर्यंत, तिथून पूर्वजांपाशी. मग वादकाने एकट्याने परतायचं, नाहीतर त्याचाही जीव तिकडेच राहतो. जाण्याची वाट न्हिआला पाठ होती. परतीची गुरुजींनी एकदाच ऐकवली होती, फोनवर रेकॉर्ड करू दिली नव्हती. उन्हाळा सरला की बघू, म्हणाले होते. उन्हाळ्यातच त्यांची फुप्फुसं गेली.

न्हिआने भावकीतल्या मोठ्यांना हे सांगून पाहिलं. पण शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातला वादक त्या दिवशी दुसऱ्या मयताला बांधलेला होता, आणि तीन आठवडे थांबून मिळालेला हॉल सोडायला कुणी तयार नव्हतं. येईल आठवत आपोआप, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

सकाळी नऊला ढोलावर टिपरू पडलं. न्हिआ शवपेटीभोवती फिरत वाजवू लागला. श्वास घेतानाही सूर, सोडतानाही सूर. मध्ये थांबलं की जीव तिथेच अडकतो. सेंट पॉल मागे पडलं, थायलंडमधली निर्वासितांची छावणी, मेकाँग नदी, लाओसमधले डोंगर. अकराच्या सुमाराला गुरुजी पूर्वजांपाशी पोचले.

आणि न्हिआला पुढचं काही आठवेना.

तो तीच ओळ पुन्हा वाजवू लागला. तिसऱ्या फेरीला ढोलवाल्याने मान वर केली. न्हिआच्या पोटऱ्या गार पडल्या होत्या. हॉलमधली माणसं त्याला लांबची दिसत होती, कोपऱ्यात बसलेली बायको तर ओळखूही येईना. गुरुजींची मेलेली माणसं मात्र अगदी जवळ होती, आणि ती त्याला बसायला जागा करून देत होती.

तेवढ्यात उशाशी बसलेली गुरुजींची बायको उठली आणि त्याच्या मागोमाग चालू लागली. दीर हलक्या आवाजात म्हणाला, वहिनी, हे बायकांचं काम नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"डावीकडे वळ," ती न्हिआच्या कानाशी म्हणाली. "त्यांना सांग, मी पाणी आणायला चाललोय. मागे बघू नकोस. पावलं पुसत ये."

चाळीस वर्षं गॅरेजच्या भिंतीपलीकडे स्वयंपाक करता करता तिने सगळं ऐकलं होतं. ती शब्द सांगत गेली, तो वाजवत गेला. डोंगर, नदी, छावणी. एका ठिकाणी ती अडखळली. तेवढ्या वेळात न्हिआच्या डोळ्यांपुढे काळोख आला. मग तिला आठवलं.

केंग खाली ठेवला तेव्हा त्याचे गुडघे वाकत नव्हते. दीर अजून रागात होता. यातून काही वाईट घडलं तर दोष वहिनींचा, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

न्हिआला घरी नेल्यावर बायकोने दारात अंडं आणि उदबत्ती घेऊन त्याच्या मागे राहिलेल्या जिवाला परत ये म्हणून नावाने हाक मारली. त्याने ओ दिली नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही.

तिसऱ्या हाकेला तो म्हणाला, "आलोय गं. जवळ थांब जरा."